एकमताने

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत," नानासाहेब दुधगावकर म्हणाले, आणि अख्ख्या बार रूमचे हात वर गेले.

काय देखावा होता तो! काळ्या कोटांच्या बाह्या वर, आणि निम्म्या हातांच्या बोटांत पेटलेली सिगारेट. ठराव कसला, तर बंदिस्त सार्वजनिक जागेत धूम्रपान करायला सरकारने बंदी घातली आहे, त्या बंदीला आमच्या तालुका वकील संघाचा जाहीर पाठिंबा. नानासाहेब संघाचे अध्यक्ष. त्यांनी आपली सिगारेट उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, उजवा हात वर केला आणि डाव्याने शांतपणे एक झुरका मारला. राख ठरावाच्या कागदावर पडली. त्यांनी ती फुंकर मारून उडवली, ती येऊन माझ्या जेवणाच्या डब्यावर बसली.

"विरोधात कोणी?"

कोणीच नाही.

"ठराव एकमताने मंजूर."

टाळ्या वाजल्या. टाळ्यांसाठी दोन्ही हात लागतात, म्हणून काहींनी सिगारेटी ओठांत धरल्या.

मीही टाळ्या वाजवत होते, वेड्यासारख्या. ठराव मांडला होता मीच. वकिली सुरू केल्यापासून त्या खोलीत मला कोणी चार वाक्यं सलग बोलू दिली असतील तर ती त्या दिवशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आनंदाचं की धुराचं ते मलाही सांगता आलं नसतं. शेजारी ठोसरबाई बसल्या होत्या. आमच्या बारमध्ये बायका दोनच, त्या आणि मी. त्यांची वकिलीची सगळी हयात त्या खोलीत गेलेली. त्यांनीही हात वर केला होता, पण टाळ्या काही वाजवल्या नाहीत. माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "फार नाचू नकोस तृप्ती. पाठिंबा दिलाय त्यांनी. सिगारेट सोडलेली नाही."

"आता कायदाच आहे ना, बाई."

"अगं, हे सगळे कायदा कोळून प्यायलेले लोक," त्या म्हणाल्या आणि खोकल्या.

आता मी जिल्ह्याच्या कोर्टात असते आणि माझं बरं चाललंय. पण ही गोष्ट तालुक्याची. तिथली बार रूम म्हणजे दगडी इमारतीतली एक लांबोडकी खोली. खिडक्या दोनच, आणि त्याही पार शेवटच्या भिंतीला. त्या शेवटच्या भिंतीलगत प्लायवूडचं पार्टिशन ठोकून 'लेडीज रूम' केलेली. दोन खुर्च्या, एक रॅक आणि आतून कडी लागणारं दार, एवढाच तिचा थाट. पण ती मिळवायला ठोसरबाईंनी वर्षानुवर्षं अर्ज केले होते. त्यापूर्वी त्यांना पदर नीट करायचा असला तरी समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या घरी जावं लागायचं. आता दार होतं, कडी होती, खिडक्या आमच्या वाट्याला आल्या होत्या. पण पार्टिशन छतापर्यंत गेलेलं नव्हतं ना! वरून धूर यायचाच. आमच्या दोघींच्या डोक्यावर तो तरंगत बसायचा, जणू त्यालाही लेडीज रूमच हवी होती.

त्या खोलीची मला किळस यायची, अजून येते. भिंती मुळात पांढऱ्या होत्या म्हणे. मी पाहिल्या तेव्हा त्या कफाच्या रंगाच्या झाल्या होत्या आणि पावसाळ्यात त्यांच्यावरून पिवळे ओघळ उतरायचे. ॲश ट्रे म्हणून नारळाच्या करवंट्या ठेवलेल्या, पण त्यात टाकायचे कष्ट कोण घेणार? चहाच्या कपात उरलेल्या घोटात थोटकं विझवायची, फस्सकन आवाज यायचा, आणि तेच कप शिपाई एका बादलीत बुचकळून पुन्हा चहा भरून आणायचा. एकदा माझ्या कपाच्या तळाशी तंबाखूचे तंतू निघाले. मी बाहेर जाऊन ओकले. आत आले तर एक वकील म्हणतोय, "काय मॅडम, गोड बातमी का?" आणि सगळे हसले.

घरी वेगळंच महाभारत. लग्न नवीन होतं. सासूबाईंनी एके दिवशी माझा कोट धुवायला घेतला आणि नाकाशी धरून तशाच उभ्या राहिल्या. मग माझे केस हुंगले, पदर हुंगला. शेवटी नवऱ्याला आत बोलावून कुजबुजल्या, "अरे, ही ओढते की काय?"

"आई, तिला दमा आहे," तो म्हणाला.

"मग दमा कशाने झाला?"

दमा मला लहानपणी होता, मोठेपणी गेला होता, आणि त्या खोलीने तो परत आणला. कोर्टात उभी राहिले की छातीतून शिट्टी वाजायची. जजसाहेबांसमोर उलटतपासणी घेताना तिसऱ्या प्रश्नाला माझा श्वास संपायचा आणि साक्षीदार माझ्याकडे दयेने बघायचा! डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जागा बदला नाहीतर काम बदला. नवरा चांगला, पण सरळ हिशेबाचा माणूस. तो म्हणाला, "तिथला धूर बंद झाला तर तुझी वकिली चालू. नाही झाला तर घरी बस. तुला मारून मला वकिलीण नको."

कोणी म्हणेल, बाहेर व्हरांड्यात बसायचं! ज्याला तालुक्याचं कोर्ट माहीत नाही तोच असं म्हणेल. पक्षकार येतो तो बार रूममध्ये. तिथे ज्याची खुर्ची नाही तो त्याच्या लेखी वकीलच नाही, अर्ज लिहून देणारा नाही तर स्टँप विकणारा. शिवाय माझं सगळं काम नानासाहेबांकडून यायचं. मी त्यांची ज्युनियर. म्हणजे माझी वकिली त्या खोलीत होती आणि माझा श्वास त्या खोलीबाहेर. म्हणून तो ठराव माझ्यासाठी जीवन-मरणाचा होता.

सोमवारी मी मुद्दाम लवकर गेले. दार उघडलं आणि धुराचा भपकारा तोंडावर आला. नानासाहेब नेहमीच्या खुर्चीत, बोटांत सिगारेट. संघाचे सेक्रेटरी किशोर मगर त्यांना काडी पेटवून देत होते. भिंतीवर नवीकोरी पाटी लावली होती, 'धूम्रपानबंदीस आमचा जाहीर पाठिंबा. तालुका वकील संघ.'

"नानासाहेब, शनिवारी ठराव झाला ना?"

"झाला की. पेपरातही आलाय. तुझं नाव आलंय बघ," त्यांनी कौतुकाने पेपर पुढे केला.

"मग हे?"

"हे काय?" त्यांनी सिगारेटकडे असं बघितलं की जणू ती दुसऱ्या कोणाची आहे. मग हसले. मोठं गोड हसायचे ते. "पोरी, तू ठराव नीट वाच. आपण पाठिंबा दिलाय. बंदीला पाठिंबा. बंदी घालायचं काम सरकारचं, पाळायला लावायचं काम पोलिसांचं. आपण पाठिंबा द्यायचा, तो आपण दिला. अगदी मनापासून दिला."

"आणि एकमताने," मगर म्हणाले.

मला वाटलं थट्टा करताहेत. पण नाही हो, त्यात थट्टा नव्हती! त्यांचं खरोखरच तसं मत होतं. धूर वाईट, बंदी हवी, सरकारने कडक व्हावं. हे सगळं ते धूर सोडत सोडत म्हणायचे, आणि त्यात त्यांना काही खटकायचं नाही. लुच्च्या माणसाशी भांडता येतं, पण असल्या प्रामाणिक माणसाशी कसं भांडायचं ते मला कळेना.

आणि भांडून तरी काय होणार होतं? आमच्या बारची एक परंपरा होती, तिचा सगळ्यांना भारी अभिमान. ठराव एकमतानेच व्हायचा. माझ्या आधी एका वकिलाने म्हणे कसल्याशा ठरावाला विरोध नोंदवला होता. त्याला कोणी काही बोललं नाही. फक्त तो आजारी पडला तेव्हा त्याच्यासाठी तारीख मागायला कोणी उभं राहिलं नाही, त्याचा दावा गैरहजेरीत निकाली निघाला, आणि वर्षभरात त्याने गाव सोडलं. तालुक्याच्या कोर्टात वकील एकमेकांच्या जिवावर जगतात. आज मी तुझी तारीख घेईन, उद्या तू माझी घे. ज्याच्यासाठी कोणी उभं राहत नाही तो संपला.

महिन्याभरात जिल्ह्याहून पत्र आलं. जिल्हा न्यायाधीश आमच्याकडे कायदेविषयक शिबिराला येणार, विषय धूम्रपानबंदी, आणि चहापान बार रूममध्ये. आता मात्र पळापळ झाली. तातडीची सभा बोलावली. मला वाटलं, चला, देव पावला. आता तरी करवंट्या जातील.

मगर उभे राहिले. हा माणूस दिवाणी दाव्यात भलताच तरबेज, शब्दात शब्द अडकवणारा. म्हणाले, "नियम बंदिस्त जागेला लागू आहे. माझा प्रश्न असा की आपली बार रूम बंदिस्त आहे हे ठरवलं कोणी? खोलीला दोन मोठ्या खिडक्या आहेत. त्या आज खोलीला लाभत नाहीत, कारण मध्ये पार्टिशन आहे. पार्टिशन काढलं, खिडक्यांची तावदानं उतरवली, समोरचं दार उघडं ठेवलं, की वारा आरपार. मग ही जागा बंदिस्त कशी? ती व्हरांड्यासारखीच झाली."

खोलीत असा आनंद पसरला म्हणून सांगू! जणू हायकोर्टातून स्थगिती मिळाली. कोणी टेबलावर थाप मारली. कोणी म्हणालं, "मगर, मानलं बुवा."

मी उठले. "म्हणजे लेडीज रूम पाडणार?"

"पाडणार कसलं, मोकळी करणार," नानासाहेब म्हणाले. "आणि तृप्ती, तक्रार तुझीच होती ना? गुदमरतं म्हणून? आता हवा खेळती राहील. अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय हे."

"आम्ही बसायचं कुठे? बाईमाणसाला एखादी वेळ दार लावून बसावं लागतं, नानासाहेब."

कोणीतरी खाली मान घालून खुसकन हसलं. नानासाहेब म्हणाले, "आपण सगळं एक कुटुंब आहोत. कुटुंबात कसली दारं?"

मी ठोसरबाईंकडे बघितलं. दार त्यांचं होतं, अर्ज त्यांनी केले होते. त्या समोर बघत होत्या. नानासाहेबांनी हात वर करायला सांगितले, आणि ठोसरबाईंचा हात माझ्यादेखत वर गेला. मी माझे दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. पण कोण बघतंय? नानासाहेबांनी हात मोजलेही नाहीत. "एकमताने," ते म्हणाले आणि काडी ओढली.

मी तडक बाहेर पडले. बाई माझ्या मागून आल्या. कोर्टाच्या मागे सायकल स्टँडजवळ मी त्यांना गाठलं म्हणा किंवा त्यांनी मला. मी इतकी संतापले होते की वयाचा मान ठेवायचं भान राहिलं नाही.

"लाज नाही वाटली तुम्हाला? स्वतःच्या हाताने स्वतःची खोली देऊन टाकलीत! कशासाठी? त्या करवंटीवाल्यांसाठी?"

त्या खोकत होत्या. खोकला थांबेपर्यंत त्यांनी सायकलचं सीट धरून ठेवलं. मग रुमाल तोंडावरून काढला, घडी केला आणि पर्समध्ये टाकला. मला तो दिसू नये अशा बेताने टाकला, पण मला दिसला.

"बाई! रक्त?"

"ओरडू नकोस." त्यांनी मला भिंतीच्या आडोशाला ओढलं. "फुफ्फुसात गाठ आहे. डावीकडे. पसरलीय. दिवाळीआधी कळलं."



"मोठ्या डॉक्टरांकडे गेले होते, बहिणीला घेऊन. त्यांनी फोटो उजेडात धरला आणि पहिला प्रश्न काय विचारला माहितीय? दिवसाला किती ओढता? मी म्हटलं, डॉक्टर, मी जन्मात सिगारेट शिवलेली नाही. ते म्हणाले, लाजू नका, अलीकडे बायकाही ओढतात, खरं सांगितलंत तर उपचाराला बरं. वत्सला, माझी बहीण, शेजारी बसलेली. तीसुद्धा माझ्याकडे बघायला लागली गं!"

"मग सांगा ना ह्यांना! आत्ता चला आत, आपण सांगू. बघू कसे ओढतात मग."

"खुळी आहेस का?" त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "मी लग्न न केलेली बाई. वकील. पुरुषांत बसणारी. आयुष्यभर माझ्याबद्दल एक शब्द बोलायला जागा ठेवली नाही मी कोणाला. आणि आता सांगू, फुफ्फुसाचा कॅन्सर झालाय म्हणून? हे काय म्हणतील? आमच्या धुराने झाला म्हणतील? अगं, म्हणतील, ठोसरबाई दार लावून आत काय करायच्या ते आत्ता कळलं."

"असं नाही म्हणणार कोणी."

"तू नवीन आहेस," त्या म्हणाल्या. "आणि मला आता ह्यांचीच गरज आहे. माझे दावे पडलेत. मी औषधं घ्यायला मुंबईला गेले की माझ्या तारखा कोण घेणार? माझ्या विधवा बायका, त्यांच्या पोटगीच्या केसेस, त्या उघड्या पडतील. म्हणून हात वर केला. खोली गेली तर गेली. तुला शप्पथ आहे, हे कोणाला सांगायचं नाही."

मी शप्पथ घेतली. काय करणार? त्यांनी मग पर्समधून बडीशेप काढली, अर्धी मला दिली, आणि आत गेल्या. त्या धुरात गेल्या. मला त्या क्षणी सगळ्यांची किळस आली, त्यांचीसुद्धा.

पार्टिशन तोडलं. जिल्हा न्यायाधीश आले, वारा खेळत होता, उदबत्ती लावली होती, पाटी पुसून लखलखीत केली होती. नानासाहेबांनी तंबाखूच्या दुष्परिणामांवर असं भाषण केलं की शिबिराच्या मांडवातल्या बायकांनी डोळे पुसले. न्यायाधीश म्हणाले, असा जागरूक बार मी पाहिला नाही. त्यांची गाडी फाटकाबाहेर वळली आणि मांडवातच पाकिटं निघाली.

त्यानंतर आम्ही दोघी त्यांच्यातच बसायचो. वारा कसला आरपार, समोरच्या दाराने आत यायचा आणि सगळ्यांचा धूर गोळा करून खिडकीशी बसलेल्या आमच्या तोंडावर आणून सोडायचा. मी नवऱ्याला खोटं सांगत होते की धूर बंद झालाय. ठोसरबाई मुंबईला जायच्या, यायच्या, विग घालायला लागल्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, केस गळतात, थायरॉइड आहे. तारखांचं म्हणाल तर बारने खरंच घेतल्या त्यांच्या तारखा, तेवढा शब्द पाळला. मग त्या यायच्या बंद झाल्या. पाडव्याच्या आदल्या दिवशी गेल्या.

शोकसभा बार रूममध्येच. हाही आमचा रिवाज, की सभासद गेला तर त्याच्याच खोलीत, त्याची खुर्ची रिकामी ठेवून. खुर्चीवर हार घातलेला फोटो. पुढच्या रांगेत वत्सलाताई, थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका. इस्त्रीची पांढरी साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून. त्या बसल्या आणि हळूच पदर नाकाला लावला. लोकांना वाटलं, रडताहेत.

नानासाहेब छान बोलले. ते नेहमीच छान बोलायचे. "बाईंनी कधी कशाला नाही म्हटलं नाही," असं म्हणताना त्यांचा आवाजही चिरकला. त्यांना खरंच दुःख झालं होतं, आणि दुःख झालं म्हणून त्यांनी सिगारेट पेटवली. मग मगरांनी शोकठराव वाचला. 'संघाच्या ज्येष्ठ सदस्या ॲडव्होकेट कुमारी लीला ठोसर यांचे दीर्घ आजाराने दुःखद निधन झाले. हा संघ त्यांना भावपूर्ण श्रद्धांजली अर्पण करीत आहे.'

ठराव वाचून मगर माझ्या पुढच्याच खुर्चीवर येऊन बसले. शेजारच्याने हळूच विचारलं, "आजार काय होता रे नक्की?"

"लंग कॅन्सर," मगर म्हणाले. "पुतण्या भेटला होता त्यांचा."

"काय सांगतोस! बाई तर ओढत नव्हत्या."

मगर मागे रेलले. "नव्हत्या कशावरून? दाराला आतून कडी होती बाबा."

आणि दोघं हसले. मोठ्याने नाही, शोकसभा होती ना. नाकातल्या नाकात हसले, आणि त्या हसण्याबरोबर मगरांच्या नाकातून धूर निघाला. तो माझ्या अंगावर आला. मी बघितलं, वत्सलाताईंची मान ताठ झाली होती. त्यांनी ऐकलं होतं.

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी," नानासाहेब म्हणाले, "हात वर करावेत."

हात वर झाले. नानासाहेबांनी न बघता तोंड उघडलं, आणि तो शब्द बाहेर पडायच्या आत मी उभी राहिले.

"माझा विरोध आहे."

कोणीतरी म्हणालं, "शोकठरावाला?"

"हो. शोकठरावाला."

"तृप्ती, खाली बस," नानासाहेब हळू आवाजात म्हणाले. "मनाला लागलंय तुझ्या. बस बाळ."

"मला उपसूचना मांडायची आहे, अध्यक्षमहाराज. नियमाने मांडतेय. ठरावात 'दीर्घ आजाराने' असं लिहिलंय. ते शब्द काढावेत आणि त्या जागी 'या खोलीतल्या धुराने' असं लिहावं." माझ्या छातीत शिट्टी वाजायला लागली होती, पण मी थांबले नाही. "बाईंनी सिगारेट कधी ओढली नाही. तुम्ही ओढलीत, त्यांच्या वाट्याचीही तुम्हीच ओढलीत. मरेपर्यंत त्यांनी आजार लपवला, का माहितीय? तुम्ही हसाल म्हणून! आणि तुम्ही हसलात. फोटोला हार घालून, त्यांच्या बहिणीच्या पाठीमागे बसून हसलात. मगर, सांगा सगळ्यांना, कशाला हसलात ते!"

मगर करवंटीत राख झाडत बसले. वर बघेनात.

नानासाहेबांचा चेहरा उतरला होता. एक क्षण मला वाटलं, हा म्हातारा आता काहीतरी माणसासारखं बोलेल. त्यांनी फोटोकडे बघितलं, हातातल्या सिगारेटकडे बघितलं. मग घसा खाकरला.

"उपसूचनेला अनुमोदन कोणाचं आहे?"

मी एकेकाकडे बघितलं. ज्यांच्या तारखा मी घेतल्या होत्या, ज्यांच्या घरच्या बारशाला मी गेले होते, ज्यांची आजारपणं बाईंनी निभावली होती, ते सगळे. कोणी चष्मा पुसत होतं, कोणी घड्याळ बघत होतं. हात एकाचाही हलला नाही.

मग पुढच्या रांगेतून एक हात वर झाला. पांढऱ्या साडीतला, सुरकुतलेला, शाळेत मूल हात वर करतं तसा सरळ.

"माझं अनुमोदन आहे," वत्सलाताई म्हणाल्या. "मीही तिच्याकडे तसंच बघितलं होतं, डॉक्टरांकडे. माझी चूक मी कबूल करते. लिहून घ्या माझं नाव."

नानासाहेबांनी मगरांकडे बघितलं. मगर उठून त्यांच्या कानाला लागले. नानासाहेबांनी मान हलवली.

"माफ करा ताई," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "तुम्ही संघाच्या सभासद नाही. अनुमोदनाअभावी उपसूचना बाद. मूळ ठराव मंजूर. आता सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून मृतात्म्यास श्रद्धांजली वाहावी."

खुर्च्या सरकल्या, सगळे उठले. माना खाली गेल्या. वत्सलाताई मात्र फोटोपाशी गेल्या, हार बाजूला काढून ठेवला आणि फोटो काखेत मारला. मी माझी बॅग उचलली. ज्युनियरशिप संपली, तालुका संपला, हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि खरं सांगते, पाय हलके वाटत होते. आम्ही दोघी त्या खाली घातलेल्या मानांमधून दाराकडे निघालो. कोणी वर बघितलं नाही.

दारापाशी पोचलो तेव्हा दोन मिनिटं व्हायची होती. मागे काडी ओढल्याचा आवाज आला.

वत्सलाताई थांबल्या. ज्या बाईने जन्मभर पोरांना शिंक आली तर तोंडावर रुमाल धरा म्हणून शिकवलं, ती मागे वळली आणि वकील संघाच्या उंबऱ्यावर पचकन थुंकली.